प्रसवपूर्व निदान : एका चिन्हाचा प्रवास

प्रसवपूर्व निदानाच्या संशोधनाचा इतिहास वैद्यकाच्या पाठ्यग्रंथांत बहुधा तंत्रांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. प्रथम गर्भजलपरीक्षा, मग ध्वनिचित्रण, त्यानंतर वारेच्या तंतूंची परीक्षा, पुढे मातेच्या रक्तचाचण्या आणि अखेरीस त्याच रक्तात तरंगणाऱ्या गर्भाच्या जनुकद्रव्याचे वाचन. सुई मागे पडत गेली, निदानाचा आठवडा अलीकडे सरकत गेला, अचूकता वाढली, हे या कथनाचे सूत्र असते. ते खोटे नाही. मात्र त्यात एक गोष्ट सहसा तळटिपेत जाते आणि प्रस्तुत निबंध तिच्याचविषयी आहे. गर्भाच्या पेशी वा जनुकद्रव्य वाचू पाहणारी जी चार मोठी तंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, त्या चारही तंत्रांनी आपली पहिली अक्षरे गिरवली ती गर्भाच्या लिंगावर. त्यामागे प्रत्येक वेळी प्रयोगशाळेचे सयुक्तिक कारण होते. परंतु एका समाजात जे रोगाचे चिन्ह म्हणून वाचले गेले, तेच दुसऱ्या समाजात रोगाच्या जागी जाऊन बसले. चिन्ह आणि अर्थ यांची अशी अदलाबदल तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. येथे तिची मोजदाद जनगणनेच्या तक्त्यांत होते, एवढाच फरक.

आरंभ १९४९ पासून करावा लागतो. त्या वर्षी कॅनडातील मरे बार आणि बर्ट्राम या संशोधकांना मांजरीच्या चेतापेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका आढळला. तो मादीच्या पेशींत दिसे, नराच्या पेशींत दिसत नसे. पुढे मानवी पेशींतही तेच दिसले. १९५५-५६ च्या सुमारास इस्रायल, डेन्मार्क आणि अमेरिका येथील संशोधकगटांनी जवळजवळ एकाच वेळी हा ठिपका गर्भजलातील पेशींत शोधला आणि जन्मापूर्वी गर्भाचे लिंग सांगता येते हे दाखवून दिले. कोपनहेगनचे फ्रिट्झ फुक्स आणि पोव्हल रीस यांनी त्या ज्ञानाचा वैद्यकीय उपयोग करण्याचे पाऊल उचलले. हिमोफिलियाची वाहक असलेली स्त्री स्वतः बहुधा निरोगी असते. तिच्या मुलग्यांपैकी सरासरी निम्म्यांना तो रोग होतो. रोग ओळखण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. लिंग ओळखता येत होते. डेन्मार्कच्या तत्कालीन कायद्यात आनुवंशिक रोगाच्या कारणास्तव गर्भपाताची तरतूदही होती. तेव्हा गर्भ मुलगा असल्यास गर्भपाताचा पर्याय द्यावा, असा मार्ग त्यांनी अवलंबिला आणि १९६० मध्ये तो प्रसिद्ध केला.

या घटनेचा तपशील नीट ध्यानी घेतला पाहिजे. लिंगनिदानाच्या आधारे झालेले पहिले वैद्यकीय गर्भपात मुलग्यांच्या गर्भांचे होते, आणि त्यांतील निम्मे मुलगे, संख्याशास्त्राच्या हिशेबाने, निरोगी असणार हे सर्वांना ठाऊक होते. लिंग हे येथे रोगाचे अपुरे, बदली चिन्ह होते. रोग वाचता येत नव्हता म्हणून रोगाच्या शेजारचे अक्षर वाचले गेले. संशोधकांना या अपुरेपणाची जाणीव होती.

गर्भजल काढण्याची क्रिया मात्र लिंगनिदानासाठी जन्मली नव्हती. १९५२ मध्ये मँचेस्टरच्या बेव्हिस यांनी आणि १९६१ मध्ये ऑकलंडच्या विल्यम लायली यांनी गर्भजलातील रंगद्रव्याच्या प्रमाणावरून ऱ्हीसस रक्तगटाच्या विसंगतीने गर्भाच्या रक्तपेशी किती नष्ट होत आहेत, हे ताडले होते. १९६३ मध्ये लायलींनी गर्भाशयातील बाळालाच रक्त देऊन दाखविले. निदानाच्या पाठोपाठ उपचार, असा हा आदर्श क्रम होता. पुढील दशकांत निदान वेगाने धावले आणि उपचार बराच मागे राहिला. आजही गर्भनिदानाभोवतीचे बहुतेक नैतिक वाद या दोहोंमधल्या अंतरात उभे आहेत.

हे अंतर वाढविणाऱ्या घडामोडी थोडक्यात नोंदवितो. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांनी डाऊन लक्षणसमूहाचे कारण एक अधिकचे गुणसूत्र आहे हे सिद्ध केले. १९६६ मध्ये स्टील आणि ब्रेग यांनी गर्भजलातील पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे मोजली. १९६८ पर्यंत त्या मार्गाने डाऊनचे जन्मपूर्व निदान होऊ लागले. लेज्यून यांना या शोधातून उपचार निघावा अशी आशा होती. आपल्या शोधाचा उपयोग गर्भपातासाठी होऊ लागलेला पाहून ते त्याचे आयुष्यभराचे विरोधक बनले. त्यांच्या भूमिकेशी सहमत होण्याची गरज नाही. एखाद्या लेखकाला आपल्या ग्रंथाचे वाचन असह्य व्हावे, तसा हा प्रसंग आहे. दुसरीकडे ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी धातूतील भेगा शोधणाऱ्या औद्योगिक ध्वनियंत्राचा रोख पोटाकडे वळविला आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या धूसर ठिपक्यांतून १९७२ मध्ये स्ट्युअर्ट कँपबेल यांनी मेंदूची वाढ न झालेल्या गर्भाचे निदान केले. त्याच वर्षी एडिंबरोच्या ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी गर्भजलातील एका प्रथिनावरून मज्जारज्जूचे दोष ओळखता येतात हे दाखविले.

१९७५ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. चीनमधील आनशान येथील पोलाद कारखान्याच्या रुग्णालयाने त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. गर्भजलासाठी सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबावे लागे. या डॉक्टरांनी गर्भाशयमुखातून बारीक नळी घालून वारेचे कोवळे तंतू पहिल्या तीन महिन्यांतच मिळविले आणि १०० स्त्रियांच्या बाबतीत लिंग सांगितले. त्यांतील ३० स्त्रियांनी नंतर गर्भपात करून घेतला. त्या ३० गर्भांपैकी २९ मुली होत्या. मिलानच्या सिमोनी आणि ब्रांबाती यांनी १९८३ मध्ये हेच तंत्र गुणसूत्रांच्या निदानासाठी प्रतिष्ठित केले आणि पुढे थॅलसेमियाग्रस्त कुटुंबांना त्याचा मोठा आधार झाला. परंतु त्या तंत्राची पहिली मोठी मालिका आनशानची आहे, आणि तिच्यात कोणत्याही रोगाचा प्रश्न नव्हता. कोपनहेगनमध्ये बदली म्हणून आलेले चिन्ह येथे मुख्य मजकूर झाले होते.

भारतात १९७१ च्या कायद्याने विशिष्ट कारणांसाठी गर्भपात वैध झाला, आणि १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजलपरीक्षेचे संशोधन सुरू झाले. हेतू आनुवंशिक विकृतींच्या निदानाचा होता. अल्पावधीतच ध्यानात आले की येणाऱ्या अनेक जोडप्यांना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. ही परीक्षा लोकसंख्यानियंत्रणाचे साधन म्हणून उपयुक्त ठरेल, असे समर्थनही त्या काळात काही वैद्यकांनी केले होते. ते आज वाचताना अंगावर काटा येतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानास मनाई झाली, आणि ते काम खाजगी दवाखान्यांत गेले.

पुण्याच्या ए. रामनम्मा आणि उषा बांबावाले यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात मला सर्वांत बोलका वाटतो. पुण्यातील एका रुग्णालयातील १९७६-७७ या एका वर्षाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. लिंगनिदानासाठी आलेल्या ७०० स्त्रियांपैकी ४५० जणींना मुलगी असल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी ४३० जणींनी गर्भपात केला. उरलेल्या २५० जणींना मुलगा असल्याचे कळले. त्या सर्वांनी गर्भ ठेवला, ज्या थोड्यांच्या बाबतीत आनुवंशिक दोषाची शक्यता सांगितली गेली होती त्यांनीसुद्धा. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. ज्या दोषाच्या निदानासाठी ही परीक्षा निर्माण झाली, तो दोष येथे समोर असूनही वाचला गेला नाही. त्याच्या बदल्यात आलेले चिन्ह वाचले गेले.

येथे भाषेकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. ऐंशीच्या दशकातील मराठी वृत्तपत्रांत आणि चळवळीच्या पत्रकांत या परीक्षेला ‘गर्भजल चिकित्सा’ असेही म्हटले जाई. हिंदी वाचकाला ‘चिकित्सा’ म्हणजे उपचार. मराठीत त्या शब्दाला बारकाईने केलेल्या तपासणीचा, क्वचित खोड काढण्याचाही अर्थ आहे, म्हणून ‘चिकित्सक’ माणूस आपल्याकडे डॉक्टर असेलच असे नाही. ज्या परीक्षेच्या मागे उपचार नव्हता, तिला मराठीने दिलेले हे नाव नकळत नेमके होते. पुढे ‘गर्भलिंगनिदान’ हा शब्द रूढ झाला. त्यात ‘निदान’ हा रोगाचा शब्द लिंगाला जोडला गेला आहे, हे आता कोणाच्या कानाला खटकतही नाही. संस्कृत वैद्यकात निदान म्हणजे रोगाचे कारण. मुलगी असण्याचे ‘निदान’ होते असे म्हणताना आपण काय म्हणतो, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी तरी करावयास हवा होता.

‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दाचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. ‘भ्रूणहत्या’ हे धर्मशास्त्रातले घोर पातक. शब्दात दोषारोप आधीच भरलेला आहे. १९८५ च्या सुमारास मुंबईत स्त्रीसंघटना, आरोग्य-कार्यकर्ते, डॉक्टर आणि वकील यांचा लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला, तेव्हा त्यातील अनेकांपुढे पेच होता. ‘हत्या’ म्हणावे तर गर्भपाताचा हक्कच गुन्हा ठरतो. न म्हणावे तर लोकांपर्यंत पोहोचणार कसे? म्हणून स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी ‘लिंगनिवड’ या शब्दाचा आग्रह धरला. शासकीय फलकांनी आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी मात्र ‘हत्या’च उचलली. माझ्या मते हा पराभव केवळ शब्दापुरता नव्हता. एकटीच गर्भपातासाठी येणारी स्त्री संशयित ठरण्याची वाट त्या शब्दाने सोपी केली.

१९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करीत होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला व तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेमुळे अंमलबजावणीला गती मिळाली, आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध ठरली. शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे महाराष्ट्रातील प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होते.

या कायद्याचा मजकूर साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही प्रकारे कळवू नये, अशी त्यात तरतूद आहे. चिन्हांच्या देवघेवीवरच बंदी घालणारा हा विरळा कायदा म्हटला पाहिजे. साहजिकच चिन्हे पर्यायी वाटा शोधत राहिली. अहवालावर सही करण्याच्या शाईचा रंग, देवदेवतांच्या नावाचा जयजयकार, मिठाईची नावे अशा सांकेतिक खुणा वृत्तपत्रांनी वेळोवेळी नोंदविल्या आहेत. मराठी घरात याला जुनी पार्श्वभूमी आहे. डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून गर्भवतीने एक उघडावयाची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ‘डोहाळे’ हा शब्द ‘दौहृद’ शब्दाशी, म्हणजे दोन हृदये असलेल्या स्त्रीच्या कल्पनेशी जोडला जातो. चरक-सुश्रुतांच्या शारीरस्थानांत गर्भाचे लिंग सुचविणाऱ्या लक्षणांच्या याद्याही आहेत. मुलाची ओढ तेथेही लपलेली नाही. परंतु वाटीतला पेढा चुकू शकत होता, आणि तो चुकू शकतो हे सर्वांना माहीत असल्यामुळेच तो खेळ होता.

त्याच कायद्यात निदानास मुभा असलेल्या विकारांची यादी आहे : गुणसूत्रांचे दोष, चयापचयाचे आनुवंशिक रोग, रक्तातील हिमोग्लोबिनचे विकार, लिंगाशी निगडित आनुवंशिक रोग, जन्मजात व्यंगे. म्हणजे लिंग रोगाचे चिन्ह असेल तेथे ते वाचण्यास परवानगी, लिंग हाच अर्थ असेल तेथे बंदी. यंत्र तेच, सुई तीच, पेशी त्याच. भेद केवळ वाचनाच्या हेतूत. हेतूची तपासणी करणे कोणत्याही कायद्याला अवघडच; म्हणून सगळा भार नोंदवहीवर आणि प्रत्येक सोनोग्राफीमागे भरावयाच्या अर्जावर आला. अर्जातील त्रुटींना गुन्हा समजणे अन्यायाचे आहे, ही डॉक्टरांच्या संघटनेची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली.

या वादाच्या धुराळ्यात एक वर्ग दिसेनासा होतो. थॅलसेमियाचे एक मूल असलेले सिंधी, लोहाणा वा पंजाबी कुटुंब, किंवा विदर्भातील सिकलसेलग्रस्त कुटुंब. दर काही आठवड्यांनी मुलाला रक्त देण्यासाठी रुग्णालयात जाणाऱ्या आईला दुसऱ्या खेपेस गर्भनिदान हवे असते ते मूल होऊ द्यावे म्हणून. निदान उपलब्ध नसेल तर अशी कुटुंबे पुन्हा गर्भधारणेचे धाडसच करीत नाहीत. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे वाय. डब्ल्यू. कान आणि आंद्रे डोझी यांनी सिकलसेलचे निदान गर्भाच्या जनुकद्रव्यावरून करता येते हे दाखविले. लिंगासारख्या बदली चिन्हाच्या आधाराने चाललेल्या वाचनाकडून रोगाच्या अक्षरापर्यंत पोहोचण्याची ही सुरुवात होती. भारतात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि दिल्लीतील केंद्रे यांनी हे काम रुजविले. त्याच्यावर वर्तमानपत्रांत फारसे छापून आले नाही.

नव्वदच्या दशकापासून संशोधनाची दिशा पुन्हा बदलली. तोवर परीक्षा होई ती विशिष्ट कुटुंबाची, किंवा पस्तिशी ओलांडलेल्या मातेची. पण डाऊनची बहुसंख्य बाळे तरुण मातांच्याच पोटी येतात, कारण बहुसंख्य बाळेच त्यांच्या पोटी येतात. म्हणून सर्वच गर्भवतींना चाळणी लावण्याची कल्पना पुढे आली. १९८८ मध्ये निकोलस वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी मातेच्या रक्तातील तीन घटकांवरून जोखमीचे गणित मांडले. १९९२ मध्ये लंडनच्या किप्रोस निकोलायडीस यांनी गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी त्या गणितात आणली. २००४ मध्ये डेन्मार्कने, जेथे फुक्स आणि रीस यांनी काम केले होते त्याच देशाने, ही चाळणी प्रत्येक गर्भवतीला देऊ केली. ‘आहे’ किंवा ‘नाही’ या उत्तराची जागा ‘२५० मध्ये १’ अशा अपूर्णांकाने घेतली. बार्बारा कॅट्झ रॉथमन यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात निदानाची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या गर्भारपणाला ‘टेंटेटिव्ह’, म्हणजे तात्पुरते धरलेले, असे म्हटले होते. आता ही अवस्था काही कुटुंबांपुरती उरली नाही.

१९९७ मध्ये ऑक्सफर्ड येथे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी मातेच्या रक्तद्रवात गर्भाचे जनुकद्रव्य मुक्तपणे वाहत असते असे दाखविले. ते कसे ओळखले? मुलगा पोटात असलेल्या मातांच्या रक्तात ‘वाय’ गुणसूत्राचे तुकडे शोधून. मातेकडे ते मुळीच नसते, म्हणून जे सापडेल ते गर्भाचेच. त्याआधी १९९० मध्ये लंडनच्या अॅलन हँडीसाइड यांनी गर्भाशयात सोडण्यापूर्वीच्या भ्रूणाचे निदान केले तेही ‘वाय’च्याच खुणेवरून, लिंगनिगडित रोग टाळण्यासाठी. कारणे दोन्ही ठिकाणी निर्दोष आहेत. तरीही कोपनहेगन आणि आनशाननंतर तिसऱ्या आणि चौथ्या तंत्राची सुरुवात त्याच अक्षराने झाली. २००८ मध्ये हाँगकाँगचा लो यांचा गट आणि स्टॅनफर्डचा स्टीफन क्वेक यांचा गट यांनी सर्व गुणसूत्रांचे तुकडे मोजून डाऊन ओळखण्याची रीत स्वतंत्रपणे दाखविली. २०११ पासून ती बाजारात आली.

ही परीक्षा डाऊनसाठी फार विश्वसनीय आहे, पण ती चाळणीच आहे. दुर्मीळ विकारांच्या बाबतीत तिचे गणित वेगळे होते. समजा, एखादा विकार १०,००० गर्भांत एकाला होतो आणि परीक्षा हजारात एकदा खोटा इशारा देते. तर १०,००० स्त्रियांत खरा इशारा एक आणि खोटे सुमारे दहा. ज्या स्त्रीच्या हाती तो कागद पडतो तिला हे कोण समजावणार? २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा अहवालांवरून परस्पर निर्णय घेऊ नयेत, असा इशारा दिला. आपल्याकडे समुपदेशनाची भाषा हा प्रश्न आणखी बिकट आहे. इंग्रजी ‘रिस्क’ला मराठीत ‘धोका’ म्हटले की ऐकणारीला संकट आलेले वाटते. ‘शक्यता’ म्हटले की काहीच झाले नाही असे वाटते. ‘जोखीम’ हा शब्द व्यापाराचा, तो पत्करणारा कोणीतरी असावा लागतो. यांतला कोणता शब्द वापरला गेला, यावर पुढचा निर्णय फिरू शकतो. वेळेचेही तसेच. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गर्भाच्या हृदयातील दोष विसाव्या आठवड्यानंतर कळला होता आणि गर्भपाताची परवानगी नाकारली गेली. त्यानंतर १३ वर्षांनी, २०२१ मध्ये, कायद्याने काही स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढविली आणि गंभीर व्यंगांसाठी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने तिच्यापुढेही मोकळीक दिली.

भारतातील प्रयोगशाळेत मातेच्या रक्ताची ही नवी परीक्षा होते, तेव्हा यंत्र ‘वाय’चे तुकडे इतरांबरोबर मोजू शकते. कायद्यानुसार अहवालात लिंगाचा उल्लेख करता येत नाही. आणि ज्यांच्यासाठी १९६० मध्ये हे चिन्ह प्रथम उपयोगात आले, त्या हिमोफिलियाच्या वाहक स्त्रीला आता त्याच्यावर विसंबावे लागत नाही. रक्त गोठविणाऱ्या घटकांची जनुके ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात वेगळी करण्यात आली; कुटुंबातील जनुकबदल आधी शोधून ठेवला असेल तर वारेच्या तंतूंत तो थेट पाहता येतो. तिच्या मुलग्यांपैकी जे निम्मे निरोगी असतात, ते आता ओळखू येतात.